सोळाव्या मिनिटाचा इशारा : अमेरिकी सामोआ, त्सुनामी आणि सूचनेची भाषा

२९ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी दक्षिण प्रशांत महासागरात, टोंगा गर्तेजवळ, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथून जवळ असलेल्या तुतुइला बेटावर माणसे नुकती कामाला लागत होती, मुले शाळेच्या तयारीत होती. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातील ‘अमेरिकी सामोआ’ या प्रदेशाचे मुख्य बेट. त्याला त्सुनामीचा इशारा देण्याचे काम सुमारे ४,२०० किलोमीटर अंतरावरील हवाई बेटांवरच्या केंद्राकडे होते. केंद्राने ते केलेही. भूकंपानंतर सोळाव्या मिनिटाला पहिला इशारा निघाला. बेटाच्या पश्चिम टोकाच्या गावांत लाट पंधरा ते वीस मिनिटांत पोचली.

म्हणजे इशारा निघाला तेव्हा लाट जवळजवळ दारात होती. अमेरिकी सामोआत चौतीस माणसे गेली, शेजारच्या स्वतंत्र सामोआ देशात सुमारे दीडशे, टोंगात नऊ. पोलोआ गावाशी पाणी सुमारे १७ मीटर उंचीपर्यंत चढल्याची नोंद आहे.

साहित्य शिकवणाऱ्या बाईने भूकंपमापकांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. मी गेली काही वर्षे तृतीय वर्ष कला शाखेला ‘व्यावहारिक मराठी’ शिकवते. सूचना, परिपत्रक, निवेदन, जाहीर आवाहन असे लेखनप्रकार त्यात येतात. या निमित्ताने मी संकटकाळच्या सूचनांची भाषा पाहू लागले आणि पाहता पाहता त्सुनामीपाशी येऊन थांबले. लाट उपकरणांनी ओळखता येते, पण माणूस हलतो तो शब्दाने. हे ओळखणे आणि हे हलणे यांत किती अंतर पडते, ते दूरच्या बेटांवर जितके उघड दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही.

आधी या यंत्रणेचे मूळ पाहू. १ एप्रिल १९४६ रोजी अल्यूशियन बेटांजवळ भूकंप झाला आणि त्याची लाट साधारण पाच तासांनी हवाईतील हिलो शहरावर आदळली. हवाईत १५९ माणसे मेली. तारीख एप्रिलची पहिली असल्यामुळे अनेकांना ती थट्टा वाटली होती, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. पाच तास हाती असून निरोप पोचला नाही, ही बोचणी होती. त्यातून १९४९ मध्ये हवाईत इशारा केंद्र सुरू झाले. पुढे १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर १९६७ मध्ये अलास्कात पामर येथे दुसरे केंद्र आले. हवाईच्या केंद्राकडे आज हवाईबरोबरच ग्वाम, उत्तर मारियाना बेटे, अमेरिकी सामोआ, पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटे आहेत.

जन्मकथा सांगण्याचे कारण असे की यंत्रणा ज्या संकटातून जन्मते, त्याच संकटाचा आकार ती घेते. १९४६ ची लाट दूरून आली होती. खोल समुद्रात त्सुनामी ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने जाते. हे विमानाच्या वेगाचे मान आहे, तरीही महासागर ओलांडायला तिला तास लागतात. तेवढ्या तासांत भूकंपाचे स्थान काढायचे, भरतीमापकांवर खात्री करायची, तार पाठवायची, ही त्या काळची रीत. खोल समुद्रातील दाबमापकही याच विचारातून आले. समुद्रतळाशी ठेवलेले उपकरण डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजते, सेंटिमीटरहून कमी फरकही ओळखते आणि ध्वनिसंदेशाने वर तरंगणाऱ्या बोयाला कळवते. बोया तो निरोप उपग्रहाकडे देतो. २००४ च्या हिंदी महासागरातील संहारानंतर अमेरिकेने अशा स्थानकांची संख्या सहावरून २००८ पर्यंत एकोणचाळीसवर नेली.

पण बेटाच्या उंबऱ्यावर भूकंप झाला तर? अमेरिकेच्या ताब्यातील बेटांचा इतिहास तर उंबऱ्यावरच्याच भूकंपांचा आहे. १८ नोव्हेंबर १८६७ रोजी व्हर्जिन बेटांजवळ दोन जोरदार धक्के बसले आणि काही मिनिटांतच शार्लट अमाली बंदरात लाटा शिरल्या. सेंट क्रॉय बेटावर अमेरिकी आरमाराचे ‘मोनोंगहेला’ हे जहाज लाटेने उचलून किनाऱ्यावर टाकले. गंमत अशी की ही बेटे डेन्मार्ककडून विकत घेण्याचा करार याच्या जेमतेम साडेतीन आठवडे आधी झाला होता. अमेरिकेच्या सिनेटने तो मंजूर केला नाही; पुढे १९१७ मध्ये अडीच कोटी डॉलरला तीच बेटे घेतली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९१८ ला, पोर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. शंभराहून अधिक मेले, त्यांतले सुमारे चाळीस पाण्याने. या दोन्ही वेळा पाच तासांचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा ‘दूरची लाट’ आणि ‘जवळची लाट’ ही दोन वेगळी संकटे आहेत. दूरच्या लाटेसाठी उत्तम असलेली यंत्रणा जवळच्या लाटेसाठी अपुरी पडते, आणि त्यात कोणाचा आळस असतोच असे नाही. २००९ च्या भूकंपाचेच पाहा. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की तो एक भूकंप नव्हता. टोंगा गर्तेच्या बाहेरच्या अंगाला, खाली वाकणाऱ्या भूपट्टात एक मोठा तडा गेला आणि दोन मिनिटांच्या आत, पहिल्याच्या गोंगाटात लपून, दोन पट्टांच्या सांध्यावर जवळजवळ तेवढ्याच ताकदीची दुसरी हालचाल झाली. हे उलगडायला शास्त्रज्ञांना महिने लागले. होनोलुलूतल्या रात्रपाळीच्या किंवा दिवसपाळीच्या माणसाने ते सोळा मिनिटांत ओळखावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्या दिवशी तुतुइलावर धोक्याचे भोंगे नव्हते. अमेरिकी सामोआतल्या गावांकडे मात्र भोंग्यांहून जुनी एक व्यवस्था आहे. तेथे गाव म्हणजे गावप्रमुख आणि कुटुंबप्रमुखांची सभा. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली की घंटा होते किंवा शंख फुंकला जातो आणि सगळे गाव थांबते. कित्येक गावांत ही घंटा म्हणजे झाडाला टांगलेले गॅसचे रिकामे नळकांडे असते. अमानावे गावच्या प्रमुखांनी जमीन हलताच हातातला कर्णा घेतला आणि गावभर फिरून लोकांना डोंगराकडे पिटाळले. गाव जवळजवळ पुसले गेले, माणसे वाचली. बेटाची भूमीही या बाबतीत साथ देणारी आहे. मुख्य रस्ता किनाऱ्याला चिकटून जातो, ही अडचण खरी. पण घरांच्या मागे लगेच उभा डोंगर आहे. पळायचे अंतर थोडे. प्रश्न फक्त पळायचे केव्हा, एवढाच.

याचे उत्तर भूकंपच देतो. जमीन बराच वेळ हलत राहिली, की संदेशाची वाट न पाहता वर जायचे. आता सर्वच केंद्रे हे शिकवतात, आणि माझ्या मते जवळच्या लाटेबाबत हीच सर्वांत भरवशाची सुधारणा आहे. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटाचे उदाहरण आपल्याकडेही बरेच सांगितले जाते. १९०७ च्या लाटेची आठवण तेथे ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि गाण्यांत राहिली आणि २००४ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीच्या बेटावर सातच बळी गेले. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना हे उदाहरण आवडते, मलाही आवडते. मात्र त्यावरून कोणी असे म्हणू नये की गाणी असली म्हणजे यंत्रे नकोत. दूरची लाट येते तेव्हा पायाखालची जमीन हलत नाही. तेव्हा गाणे मुके असते.

आता शब्दांकडे वळू. अमेरिकी सामोआची राजधानी नकाशात ‘पागो पागो’ अशी लिहिलेली दिसते, पण सामोअन लिपीतले ‘जी’ हे अक्षर आपल्या ङ चा उच्चार दाखवते. म्हणून ते गाव पांगो पांगो. आपण वर्णमालेत ङ पाठ करतो आणि मग तो अनुस्वारात लपवून टाकतो. मराठीत एकही शब्द ङ ने सुरू होत नाही. सामोअनमध्ये ‘लाट’ हाच शब्द ङ ने सुरू होतो : ङालू. त्सुनामीला तेथे ‘ङालू लोलो’ म्हणतात, म्हणजे पूर आणणारी लाट; आणि ‘ङालू आफी’ असाही शब्द आहे, शब्दशः आगीची लाट. एकाच संकटाला दोन नावे, त्यात इंग्रजीतून आलेले तिसरे, आणि परिपत्रकात चौथे काही पडले तर कानावर आलेला शब्द ओळखण्यातच क्षण जातात. ‘त्सुनामी’ हा शब्द जपानी. त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. मराठी माणसाला खरे तर त्याचा उच्चार सोपा आहे. ‘चुना’ म्हणताना आपण जो दंततालव्य च वापरतो, तोच जवळपास जपानी ‘त्सु’. लिहिताना मात्र आपण कधी ‘त्सुनामी’ लिहितो, कधी ‘सुनामी’.

सामोअनची आणखी एक अडचण मराठी भाषकाला चटकन कळेल. त्या भाषेत आदराची वेगळी शब्दसंपदा आहे. कुटुंबप्रमुखांशी, पाहुण्यांशी बोलताना साधे शब्द टाळून आदराचे शब्द वापरायचे, आणि औपचारिक भाषणाची सारी प्रतिष्ठा त्यावरच उभी. रेडिओवरून संपूर्ण प्रदेशाला उद्देशून बोलणे हे औपचारिकच. मग इशारा लिहिणाऱ्याने कोणती भाषा धरावी? मान राखणारी, की कानात घुसणारी?

अमेरिकी यंत्रणेतील इशाऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरची म्हणजे ‘वॉर्निंग’ : लाट येत आहे, वर जा. त्याखाली ‘ॲडव्हायजरी’ : प्रवाह धोक्याचे, किनारा आणि बंदर सोडा. मग ‘वॉच’ : दूर काही घडले आहे, पुढच्या निरोपासाठी तयार राहा. शेवटी नुसते माहितीपत्र. हा क्रम इंग्रजी जाणणाऱ्यालाही शब्दांवरून सांगता येणार नाही. ‘ॲडव्हायजरी’त सल्ला आहे, ‘वॉच’मध्ये पहारा आहे, पहारा सल्ल्याहून खालचा का? मराठीत मी ‘इशारा’, ‘सावधानता’, ‘लक्ष ठेवा’, ‘माहिती’ असे चार शब्द करून पाहिले आणि वर्गातल्या मुलांना उतरत्या क्रमाने लावायला सांगितले. निम्म्यांनी ‘सावधानता’ सर्वांत वर ठेवला. शाळेतल्या कवायतीतला ‘सावधान’ त्यांच्या कानात असणार.

पोर्तो रिकोत हाच गोंधळ स्पॅनिशमध्ये झाला आहे. तेथे सर्वोच्च पायरीला ‘आविसो’ म्हणतात आणि त्याखालच्या पायरीला ‘आद्व्हेर्तेन्सिया’. रोजच्या स्पॅनिशमध्ये ‘आविसो’ म्हणजे साधी सूचना, नोटीस. दक्षिण अमेरिकेत काही ठिकाणी तर वर्तमानपत्रातली जाहिरात. पोर्तो रिकोच्या माणसाला सवयीने अर्थ कळतो. पण दुसऱ्या स्पॅनिशभाषक देशातून आलेल्या प्रवाशाला किंवा कामगाराला ‘आविसो’ ऐकून धावावेसे वाटेल का? अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांमध्ये या शब्दांचा अभ्यास झाला, तेव्हा ‘आविसो’त निकड कमी वाटते असेच आढळले.

शब्दच कशाला, भोंग्यालाही अर्थ शिकवावा लागतो. मे १९६० मध्ये चिलीतील महाभूकंपाची लाट हिलोला आली तेव्हा काही तास आधी भोंगे वाजले होते. तरी एकसष्ट माणसे मेली. नंतर वाचलेल्यांची विचारपूस झाली, तेव्हा बहुतेकांनी भोंगा ऐकला होता, पण निम्म्याहून कमी लोक घर सोडून गेले होते. कोणाला वाटले हा पहिला भोंगा, खरा नंतर वाजेल. कोणी आणखी बातमीची वाट पाहिली. आवाज पोचला होता, अर्थ पोचला नव्हता. भाषाशास्त्राच्या पहिल्या तासाला चिन्ह आणि चिन्हार्थ शिकवताना मी आता झाडाच्या चित्राऐवजी हिलोचा भोंगा सांगते.

या बाबतीत सर्वांत धीट फेरविचार जपानने केला. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर तीन मिनिटांतच तेथील हवामान संस्थेने इशारा दिला होता. त्यात मियागीसाठी सहा मीटर आणि इवाते व फुकुशिमासाठी तीन मीटर असे लाटेच्या उंचीचे आकडे होते. आकडे पुढे वाढवले गेले, पण पहिला आकडा मनात बसला होता. समोर त्याहून उंच भिंत दिसत असेल, तर तीन मीटर ऐकून माणूस थांबतो. २०१३ पासून जपानने नियम बदलला. प्रचंड भूकंपात, खरी तीव्रता कळेपर्यंत, पहिल्या इशाऱ्यात आकडा द्यायचा नाही. ‘महाकाय’ किंवा ‘उंच’ एवढाच शब्द द्यायचा. विज्ञानाने आकडा मागे घेऊन विशेषण पुढे केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असेल.

त्याच आपत्तीत ओआराई नावाच्या किनारी गावाने लाऊडस्पीकरवरून नेहमीचे ‘कृपया’ टाकून थेट आज्ञार्थ वापरला. जपानीसारख्या आदबशीर भाषेत ही मोठीच गोष्ट होती. तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेने पुढे आपली निवेदनशैली बदलली. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा निवेदिकेने चढ्या, जवळजवळ ओरडणाऱ्या स्वरात ‘आत्ता पळा’ असे सांगितले. ते ध्वनिमुद्रण अनेकांनी ऐकले असेल.

मराठीचे काय होईल हे पाहण्यासाठी मी मागच्या वर्षी वर्गाला एक लेखनपाठ दिला : किनाऱ्यावरील गावासाठी त्सुनामीची सूचना लिहा. जवळजवळ सर्वांनी ‘सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली आणि ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ अशी अखेर. दोष त्यांचा नाही, हा नमुना आम्हीच शिकवतो. ‘कळविण्यात येते’मध्ये कर्ता नाही आणि ‘करावे’मध्ये वेळ नाही. विध्यर्थ हे कर्तव्य सांगणारे रूप आहे. ते आज केले काय, उद्या केले काय, रूप तसेच राहते. एका मुलीने मात्र तीनच वाक्ये लिहिली होती : ‘समुद्र येतोय. डोंगरावर पळा. सामान घेऊ नका.’ आणि वही देताना विचारले, “मॅडम, हे सूचनेसारखं वाटत नाही, मार्क जातील का?”

मराठीची एक सोय येथे ध्यानात घ्यावी. ‘पळा’ हे अनेकवचनही आहे आणि आदरार्थीही. थोरामोठ्यांना ‘पळा’ म्हणताना मराठी माणसाला आदब सोडावी लागत नाही. जपानी आणि सामोअन निवेदकाला पडणारा पेच आपल्याला पडत नाही. तरीही आपल्या सूचना ‘करावे’पाशीच अडतात, याचे कारण व्याकरणात शोधून सापडणार नाही, ते कचेरीच्या सवयीत आहे.

जागेचा हिशेबही आहे. अमेरिकेत मोबाइलवर येणाऱ्या आपत्कालीन संदेशाला सुरुवातीला नव्वद अक्षरांची मर्यादा होती, २०१९ मध्ये ती ३६० झाली. देवनागरीत साधा लघुसंदेश सत्तर चिन्हांचा असतो आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जाते. ‘त्सुनामी’ या एका शब्दाला आठ चिन्हे लागतात. ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ याला एकोणतीस. ‘डोंगरावर पळा’ याला बारा.

अमेरिकी बेटांवर २००९ नंतर काय सुधारले? तुतुइलावर भोंगे आले, पळण्याच्या वाटा दाखवणारे फलक लागले. कॅरिबियन समुद्रात २०११ पासून जवळजवळ दरवर्षी मार्चमध्ये ‘करीब वेव्ह’ नावाचा सामुदायिक सराव होतो. त्यात पोर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांबरोबर शेजारचे देशही असतात, कारण लाट झेंडा पाहून वळत नाही. पोर्तो रिकोत मायागुएझ येथे विद्यापीठाचे स्वतःचे भूकंपमापक जाळे आहे, आणि माझ्या समजुतीने दूरच्या केंद्रावर न विसंबता मिनिटे वाचवण्याचा तोच खरा मार्ग आहे.

अमेरिकी सामोआत हे किती उशिरा झाले, याची गोष्ट २०२२ मधली आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस मानुआ बेटांवर लोकांना रोज धक्के जाणवू लागले. ताऊ बेटाखालचा ज्वालामुखी जागा होत होता. संपूर्ण अमेरिकी सामोआत त्या वेळी एकही नियमित भूकंपमापक नव्हता. सर्वांत जवळचे उपकरण परदेशात, सामोआच्या आपिया शहरात होते. धक्क्यांची पहिली नोंद म्हणजे रहिवाशांचे सांगणे. ऑगस्टमध्ये हवाईहून शास्त्रज्ञ आले, घाईने उपकरणे बसवली आणि मग कळले की धक्क्यांचे मूळ ताऊखाली आहे. २००९ च्या चौतीस मृत्यूंनंतर तेरा वर्षे हे झाले नव्हते. येथे थोडे राजकारणही आहे. अमेरिकी सामोआची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांहून थोडी कमी आहे. तेथे जन्मलेली माणसे अमेरिकेचे ‘राष्ट्रीय’ ठरतात, जन्माने नागरिक नव्हेत. त्यांच्या प्रतिनिधीला संसदेत अंतिम मतदान करता येत नाही. ज्यांचे मत मोजले जात नाही, त्यांच्या पायाखालचे धक्केही उशिरा मोजले जातात, असे मला वाटते.

त्याच वर्षी जानेवारीत टोंगातील हुंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. भूकंपावर बेतलेल्या यंत्रणेपुढे तो कोडे होऊन उभा राहिला : भूकंपाच्या मापाने त्याची तीव्रता अवघी ५.८ भरली, त्यावरून त्सुनामीचा अंदाज बांधला तर तो शून्याच्या जवळ यावा. लाटा मात्र प्रशांत महासागरभर गेल्या. टोंगाची समुद्राखालची तार तुटली आणि पाच आठवडे तो देश जगापासून जवळजवळ तुटून राहिला. एकाच तारेवर लटकलेल्या बेटाला उत्तम इशारा तयार करूनही काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा सर्वांपुढे आला.

आता एक विचित्र गोष्ट. सामोआ देशाने २०११ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. त्यांच्या दिनदर्शिकेत ३० डिसेंबर २०११ हा दिवसच आला नाही. आता शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील या दोन शेजाऱ्यांच्या घड्याळात तीच वेळ असते, तारीख मात्र एक दिवसाने वेगळी. भाषा एक, नातेवाईक दोन्हीकडे, रेडिओ एकमेकांचे ऐकू येतात. लाट एक आली तर तिची तारीख दोन. संदेशात ‘आज’ की ‘मंगळवार’ लिहायचे, याचा विचार तेथे खरोखरच करावा लागतो.

भाषांतराच्या आघाडीवर अमेरिकेने दोन पावले उचलली आहेत. २०२३ मध्ये असे ठरले की मोबाइलवरील आपत्कालीन संदेशांचे साचे इंग्रजीखेरीज तेरा भाषांत तयार करायचे. या तेरांत हिंदी आहे, अरबी आहे, इटालियन आहे. सामोअन नाही, ग्वाम आणि मारियाना बेटांची चामोरोही नाही. निकष देशभरातील भाषकसंख्येचा होता, लाटेच्या अंतराचा नव्हता. दुसरे पाऊल हवामान खात्याचे : त्यांनी संगणकाकडून भाषांतर सुरू केले आणि त्यात सामोअन घेतली. एप्रिल २०२५ मध्ये कंत्राट संपल्यामुळे ते काही आठवडे बंद पडले, मग पुन्हा सुरू झाले. पांगो पांगोचे हवामान कार्यालय मात्र त्याच्या आधीपासून सामोअनमध्ये अंदाज लिहीत आले आहे, माणसांच्या हातांनी.

यंत्र शब्द वाचत नाही, खूण वाचते, याचाही अनुभव आला आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अनेकांच्या मोबाइलवर त्सुनामीचा इशारा झळकला. मूळ संदेश सरावाचा होता आणि त्यात तसे स्पष्ट लिहिलेलेही होते. पण तो पुढे पाठवणाऱ्या एका खासगी सेवेच्या संगणकाने आतील सांकेतिक खूण खऱ्या इशाऱ्याची मानली. माणसाने वाचला असता तर ‘सराव’ हा शब्द पुरे होता.

आपला संबंध येथे दोन ठिकाणी येतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मक्रानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि तेथे माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. पश्चिम किनारा सुरक्षितच आहे, हे गृहीत धरणाऱ्यांनी ती वाचावी. दुसरे म्हणजे भारताचे त्सुनामी केंद्र ऑक्टोबर २००७ पासून आमच्या हैदराबादेत आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. अंदमान-निकोबारसाठी हैदराबाद जवळजवळ तसेच आहे, जसे तुतुइलासाठी होनोलुलू. २००४ मध्ये इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटर खचली आणि कार निकोबारवर लाट काही मिनिटांत आली. म्हणून या केंद्राने एक नियम केला : जेथे लाट तासाभरात पोचू शकते तेथे समुद्रातील खात्रीची वाट पाहायची नाही, भूकंपाच्या माहितीवरच सर्वोच्च इशारा द्यायचा. खोटा इशारा जाण्याचा धोका पत्करून मिनिटे घ्यायची. आपल्या पायऱ्या ‘वॉर्निंग’, ‘अलर्ट’, ‘वॉच’ अशा आहेत, म्हणजे मधला शब्द अमेरिकेहून वेगळा. निकोबारी बोलणाऱ्या माणसाला हे तीनही शब्द परकेच.

त्या मुलीला मी पैकीच्या पैकी गुण दिले. विभागातील एका सहकाऱ्यांनी उत्तरपत्रिका पाहून हरकत घेतली : विषय, संदर्भ, दिनांक, स्वाक्षरी यांतले काहीच नाही, नमुन्याप्रमाणे निम्मे गुण जायला हवेत. वाद अजून चालू आहे. यंदाच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत ‘सूचनालेखन’ या घटकाखाली आपत्कालीन सूचनेचा वेगळा नमुना घालावा असा प्रस्ताव मी दिला आहे. त्यात दिनांकाला जागा ठेवली आहे, ‘कळविण्यात येते’ला ठेवलेली नाही.